सुभेदारांचा खालचा भाडेकरू

घर दाखवण्याआधी सुभेदारांनी मला जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं करून तीन प्रश्न विचारले.

"मांजर पाळता?"

"नाही."

"उंदराचं औषध वापरता?"

"अजून तशी वेळ आली नाही."

"कढत पानी खिडकीतनं खाली वतता?"

आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या, निवृत्तीनंतर मलकापुरातल्या एका शाळेनं मुख्याध्यापिका म्हणून सन्मानानं बोलावलेल्या बाईला असा प्रश्न याआधी कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मी कुठलंच पाणी खिडकीतून ओतत नाही."

"मग जमंल," सुभेदार म्हणाले. "भाड्याचं मागनं बोलू. खालच्या भाडेकरूला तरास नको, एवढंच बघायचं हाय."

खाली सुभेदार आणि त्यांची बायको, म्हणजे वहिनी, एवढीच माणसं राहत होती. भाडेकरू मला कुठं दिसला नाही. सकाळी लवकर कामावर जाणारा कुणी असेल, असं मी धरून चालले.

ईशान, तू साप आणल्याचं मला तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. तिचा आवाज असा होता की आधी मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. मग तुझ्या बहिणीनं, रेवानं, कॅमेरा फिरवून काचेची पेटी दाखवली. भुशाचा थर, एका कोपऱ्यात पाण्याची वाटी, आणि तुझा तो आफ्रिकेतल्या वाळवंटातल्या जातीचा ठेंगणा, जाडसर बोआ. फक्त नाक भुशाबाहेर काढून बसला होता. तुझी आई म्हणाली, "आता तुम्हीच समजवा त्याला." बाळांनो, तुमची ही आजी समजावणार नाही. त्या नाकाचा चुलतभाऊ मी चार वर्षं पाहिला आहे. आपल्याकडे त्याला मांडूळ म्हणतात, आणि त्याचा घरमालक म्हणजे आमचे सुभेदार.

सुभेदार उंच, काटक, पायांनी किंचित बाकदार. सकाळी दाढी केल्याशिवाय दार उघडत नसत. दूधवाल्याला खिडकीतून भांडं द्यायचे. फौजेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सामानाच्या कोठारावर काढली होती, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूला जागा असते आणि ती तिथंच सापडली पाहिजे, यावर त्यांचा विश्वास होता. याबाबतीत आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. त्यांची माणसं मूळची माण भागातली, मेंढरं घेऊन फिरणारी. ते सांगायचे, तळ टाकताना पालाखाली मांडूळ निघालं, की त्यांचे आजोबा पाल उचलून दुसरीकडे ठोकत. "त्येला न्हाई हालवायचा म्हातारा. पाल हालवायचा. आजी लय शिव्या द्यायची."

आता या भाडेकरूच्या घराविषयी. अंगणाच्या एका कोपऱ्यात दोन बाजा मावतील एवढी जागा सुभेदारांनी आखून घेतली होती. कडेनं तिरक्या रोवलेल्या विटा, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या, छावणीच्या रस्त्याला असतात तशा. आतली माती त्यांनी खोलवर उकरून, चाळून, नदीची वाळू मिसळून इतकी मोकळी केली होती की बोट घातलं तर कोपरापर्यंत हात गेला असता. (घालायची परवानगी नव्हती.) अर्ध्या भागावर चार खांबांवर पत्रा, अर्धा भाग उन्हात. मी विचारलं, पत्रा पूर्ण का नाही घातला? सुभेदारांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघतात तसं पाहिलं.

"एका अंगाला ऊन, एका अंगाला सावली. त्येला जवा जे पायजे ते त्येनं घ्यावं. आपुन ठरवणारं कोन?"

ईशान, तुझ्या पेटीच्या एका टोकाखाली तू गरम पट्टी ठेवली आहेस आणि दुसरं टोक थंड सोडलं आहेस, ते मी पाहिलं. सुभेदारांनी तुला पास केलं असतं. तुझ्या पेटीला झाकण मात्र आहे, सुभेदारांच्या जागेला नव्हतं. आपल्याकडे मांडूळ पाळायला कायद्यानं बंदी आहे, आणि सुभेदार लाल सिग्नलला रिकाम्या रस्त्यावरही थांबणारे गृहस्थ. त्यांनी त्याला कधी धरलं नाही, कोंडलं नाही, हातही लावला नाही. तो आपण होऊन आला होता आणि वाटेल तेव्हा जायला मोकळा होता. "म्या पाळल्यालं न्हाई," ते बजावून सांगत. "त्यो ऱ्हातो. म्या फकस्त जागा साफ ठेवतो."

दुसरंही एक कारण होतं. मांडुळाचं शेपूट तोंडासारखं बोथट असतं, म्हणून लोक त्याला दोन तोंडं आहेत असं मानतात, आणि त्याच्यामुळे गुप्तधन सापडतं असंही. त्या नादात मांडुळं चोरून पकडणारे, विकणारे लोक आहेत. म्हणून सुभेदारांच्या घरात 'मांडूळ' हा शब्द उच्चारायचा नाही असा हुकूम होता. तो 'भाडेकरू'. मलाही हे कळायला बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी शाळेतून परतले तर विटांच्या आत तपकिरी, मनगटाएवढं जाड काहीतरी मातीतून अर्धं वर आलं होतं. मी जिन्यावरूनच विचारलं, "सुभेदार, हे काय आहे?"

"तुमचा शेजारी," ते म्हणाले. "नमस्कार करा. तिकडनं न्हाई, ती मागची बाजू हाय."

उंदरांवरून मात्र आमचं वाजलं. माझ्या स्वयंपाकघरात उंदीर झाले आणि मी औषधाचं पुडकं आणलं. सुभेदारांनी ते माझ्या पिशवीतूनच जप्त केलं.

"म्याडम, औषध खाल्लेला उंदीर ह्यो खानार. मग ह्यो बी गेला. तुमी दुसऱ्याच्या रेशनमदी विष कालवताय."

"अहो, पण तो माझ्या तांदळात शिरतोय!"

"तांदूळ तुमचा. उंदीर त्येचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दारात घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे आणून ठेवले, सगळे एका मापाचे. मी त्यांत धान्य भरून वर चिठ्ठ्या चिकटवल्या. उंदरांनी खाली जागा शोधली असावी, कारण लवकरच अंगणात एका काठीवर लाल फडकं दिसलं. ही लाल बावट्याची पद्धत सुभेदारांनी गोळीबाराच्या मैदानावरून उचललेली. भाडेकरूनं उंदीर गिळला, की बावटा वर. मग दोन दिवस त्या बाजूला पाय आपटायचा नाही, धुणं बडवायचं नाही, रेडिओ बारीक. जेवल्यावर त्याला घाबरवलं तर तो खाल्लेलं ओकून टाकतो, आणि ते त्याला फार महागात पडतं. ईशान, हे तुझ्या पुस्तकातही असेल. पण तू घरातल्या सगळ्यांना दबक्या आवाजात बोलायला लावलं आहेस का? वहिनी मला भाजी निवडताना कानात सांगायच्या, "माजं लगीन झालं तवा माज्या जेवनावर कुनी बावटा लावला न्हाई बगा."

वहिनी बुटक्या, गोऱ्या, तोंडानं फटकळ. त्या भाडेकरूकडे सरळ कधी बघत नसत. तिकडे जाताना पदर गालाशी धरत. नागपंचमीला मात्र त्यांनी लाह्या आणि दुधाची वाटी विटांशी नेऊन ठेवली. सुभेदारांनी वाटी उचलून स्वतः पिऊन टाकली.

"आवं, देवाचं हाय ते!"

"सापाला दूध पाजून मारतीस का? त्येला पानी लागतं. ते त्या मातीच्या परळात हाय."

"मग हळदकुंकू तरी वाहते. तोंड कंच्या बाजूला हाय ते सांगा."

"सांगनार न्हाई. तू शिपडशील."

वहिनींनी मग लांबूनच दोन्ही बाजूंना एकेक चिमूट टाकली. एक तरी लागू पडेल.

पाणी ही सुभेदारांची मोठी काळजी होती. या जातीला कोरडी जमीन लागते; सतत ओलीत राहिला तर कातडीला फोड येतात. म्हणून पिण्याचं परळ उथळ, तेही पत्र्याच्या कडेला, आणि पावसाळ्यात त्या जागेभोवती चर. फौजेत तंबूभोवती खणतात तसा, सरळ, टोकदार, अंगणातून थेट गटारापर्यंत नेलेला. मला तो चर फार आवडायचा. इतकी नीटनेटकी गोष्ट मलकापुरात दुसरी नव्हती.

आषाढातल्या एका सकाळी वहिनी त्याच चरात पाय अडकून पडल्या. उजवा हात मनगटात मोडला.

मी आवाज ऐकून खाली गेले, तर सुभेदार त्यांना उठवत होते आणि वहिनी कण्हत कण्हत बोलत होत्या, "त्येला कोरडं ठेवा. मी पडते वल्यात." सुभेदार त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. आल्यावर त्यांनी कुदळ घेतली आणि चर बुजवला.

त्यांचा मुलगा विकास पुण्याला असतो. तो दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आला, आईचा प्लास्टरमधला हात बघितला आणि अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आबा, आता बास. सगळ्या अंगणात पेव्हिंग ब्लॉक टाकू. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आई पुन्हा पडली तर? माझी गाडीपण आत लागेल."

"आन त्यो?" सुभेदारांनी कोपऱ्याकडे मान केली.

"आबा, आई का साप?"

हा प्रश्न असा सरळ विचारल्यावर सुभेदारांना एकच उत्तर देता येत होतं. ते म्हणाले, "घाल ब्लॉक."

नंतर ते वर आले. चार वर्षांत पहिल्यांदाच न बोलावता आले होते. खुर्ची दिली तर उभेच राहिले. म्हणाले, "म्याडम, जंगल खात्याला फोन लावायचा हाय. इंग्रजीत बोलावं लागंल का?"

"नाही हो. मराठीच बोलतात."

"मग काय सांगू? भाडेकरू घिऊन जावा म्हनून?"

मी नंबर लावून दिला. त्यांनी पत्ता सांगितला, 'मांडूळ' हा शब्द त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला आणि फोन माझ्या हातात ठेवून खाली गेले. त्या क्षणी मला आठवले ते त्यांचे आजोबा, पाल हलवणारे. सुभेदारांना हलवण्यासारखं पाल नव्हतं. होतं ते घर, आणि त्यात मोडक्या हाताची बायको.

वनरक्षक श्रावणातल्या एका सकाळी यायचे होते, ब्लॉकवाले दुसऱ्या दिवशी. ते येण्याआधी भाडेकरू कुठल्या बाजूला आहे हे बघावं, म्हणून सुभेदार गुडघ्यांवर बसून हातांनी वरची माती हळूहळू बाजूला करू लागले. वहिनी प्लास्टर मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या, चेहरा दुसरीकडे. मी पायरीवर. सुभेदारांचे हात एकदम थांबले.

"म्याडम," ते कुजबुजले. "हितं या. चपला काढून."

पत्र्याखालच्या उबदार मातीत भाडेकरू वेटोळं करून पडला होता, आणि त्याच्या आजूबाजूला करंगळीएवढी जाड पिल्लं वळवळत होती. नारिंगी अंगाची, मागच्या भागावर काळे पट्टे, इतकी उजळ की ही याच तपकिरी जीवाची आहेत यावर विश्वास बसेना. ही जात अंडी घालत नाही, सरळ पिल्लंच देते. सुभेदारांना हे ठाऊक होतं. भाडेकरू 'ती' आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ते तिला 'त्यो' म्हणत आले होते. ते तसेच, दोन्ही हात मातीत, बसून राहिले.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. "मेलं का?"

"व्याली," सुभेदार म्हणाले.

वहिनी उठल्या. पदर गालाशी नव्हता. विटांपाशी येऊन त्यांनी वाकून, सरळ, डोळे भरून पाहिलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आवं, तुमी माती वडा आदी तिच्या अंगावर. उघडी टाकलीया बाळंतिणीला."

"आगं, पर उंद्या ब्लॉकवालं..."

"बाळंतिणीला कुनी घराबाहीर काढतं का? ह्या घरात? फौजेत हे शिकवलं तुमाला?"

"तुजा हात..."

"माजा हात माजा हाय. चर तुमी बुजवलासा न्हवं? मला वटीपासनं फाटकापातूर वाट करून द्या, बास झालं."

वनरक्षक आले, चपला काढून आले, बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "तुम्ही धरलं नाही, कोंडलं नाही. ती तिच्या जागेत आहे. मी कुठं नेऊ आणि कशाला? फक्त कुणाला सांगू नका. चार लोकांना कळलं तर एक पिल्लू राहणार नाही." आणि ते निघून गेले.

हेच तर अवघड होतं. दुसऱ्या दिवशी मुकादम आणि त्याची माणसं दिवसभर त्याच अंगणात असणार. शिवाय सुभेदार खोटं बोलू शकत नसत. हे मी स्तुती म्हणून सांगत नाही. ती त्यांची अडचण होती. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल होत.

वहिनींनी सकाळीच दोन जुनी पातळं पत्र्याच्या खांबांना बांधून आडोसा केला. एका हातानं, गाठीचं दुसरं टोक मी धरलं. बाहेर कडुनिंबाचा डहाळा खोवला. मुकादम आला, आडोशाकडे बघून म्हणाला, "मावशी, हिकडं काय हाय?"

"बाळंतीण हाय."

"हितं? उघड्यावर?"

"तिला कोंडलेलं सोसत न्हाई."

मुकादमानं लगेच नजर खाली घातली. "मग आमी तिकडं फिरकत न्हाई, मावशी."

"आन ते ब्लॉक ठोकायचं मशीन लावू नगा. हातानं ठोका. बारकी हायती."

माणसांनी खरोखर दिवसभर हातानं ठोकलं, तेही हलक्या हातानं, आणि आडोशाकडे पाठ करून. दुपारी चहा घेताना मुकादमानं सुभेदारांना प्रेमानं विचारलं, "सायेब, नातू का नात?"

सुभेदार ताठ उभे राहिले. कान लाल व्हायला लागले. मग त्यांना खरं उत्तर सुचलं.

"अजून कळलं न्हाई."

मुकादमाचा कप तोंडाशीच राहिला. "कळलं न्हाई?"

"लय बारीक हायती."

"जुळं?"

"सात," सुभेदार म्हणाले.

"आवं, तुमी घरात जावा बरं!" वहिनी ओरडल्या. मग मुकादमाला म्हणाल्या, "पेन्शनीत गेल्यापासनं असंच बोलत्यात."

संध्याकाळी शेजारच्या बाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवला, बाळंतिणीसाठी. वहिनींनी तो कपाळाला लावून घेतला. आम्ही तिघांनी ते लाडू खाल्ले. चांगले झाले होते, खसखस जरा जास्त होती. वहिनींनी शेगडीत निखारे घालून पत्र्याखाली सरकवायचाही घाट घातला, पण सुभेदारांनी ऊन आणि सावलीचा सगळा सिद्धांत त्यांना पुन्हा समजावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. तोही पहिल्यांदाच.

पिल्लं काही दिवसांतच एकेक करून आपल्या वाटेनं निघून गेली. या जातीची पोरं आईच्या भरवशावर राहत नाहीत. सुभेदार रोज सकाळी दाढी करून येत आणि मातीवरच्या बारीक रेषा बघून सांगत, "आज एक गेलं." वहिनी विचारत, "कुनीकडं?" जणू एसटीचं गाव विचारतायत. आई मात्र राहिली. तिचं नाव बदललं. वहिनींनी तिला भाडेकरू म्हणायला बंदी केली. "बाळंतपणाला आलेली भाडेकरू आस्ती व्हय? लेक म्हना." त्यांना लेक नव्हती. सुभेदार आधी बिचकले. मग जमेल तसं म्हणू लागले.

दिवाळीला विकास आला. ओट्यापासून फाटकापर्यंत ब्लॉकची रुंद, सपाट वाट झाली होती; वहिनी तिच्यावरून कशाचाही आधार न घेता चालून दाखवत होत्या. पण कोपरा तसाच होता, आणि तो तसा असल्यामुळे गाडी आत येत नव्हती. विकासनं ती निम्मी फाटकात घालून पाहिली, उतरला, पुन्हा घातली.

"आई, हे काय? मी सगळ्या अंगणाचं सांगितलं होतं. जागा कुठाय गाडीला?"

"तितं तुजी भन ऱ्हाती."

"कोण बहीण?"

वहिनींनी कोपऱ्याकडे बोट केलं. विकासनं वडिलांकडे पाहिलं. सुभेदार एकदम आकाशकंदिलाची दोरी नीट करायला लागले.

"आई, चेष्टा करू नको. एक साप..."

"ती बारा महिनं हितं ऱ्हाती," वहिनी म्हणाल्या. "तू पुन्याला ऱ्हातोस. आता तूच सांग, जागा कुनाला लागती?"

विकास गाडीत बसला, ती मागं घेतली आणि रस्त्याच्या कडेला भिंतीला लावून उभी केली. सुभेदार घरातून जुनी चादर घेऊन बाहेर आले आणि धूळ बसू नये म्हणून, चारी कोपरे सारखे ओढून, त्यांनी ती काचेवर नीट घातली.